चार मात्रा लवकर

माझ्या गाडीला घरात कुणी गाडी म्हणत नाही. नवरा तिला 'ते धूड' म्हणतो. मुलगी जर्मनमध्ये 'मामास प्रॉब्लेम', म्हणजे आईची कटकट, म्हणते, आणि तेही मला न सांगता थेट मैत्रिणींना. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी काहीच म्हणत नाहीत, फक्त खिडकी लावून घेतात. साठच्या दशकातली अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची गाडी आहे ती. उंटरश्लाइसहाइम नावाच्या जर्मन गावातल्या आमच्या गल्लीत उभी केली की तिचं नाक एका घरासमोर असतं आणि शेपूट दुसऱ्यासमोर.

आखनच्या विद्यापीठात मेकॅनिकलचं मास्टर्स केलं तेव्हा माझ्याकडे एक सायकल होती, तीही चोरीला गेली. मग ब्रेकच्या सिम्युलेशनमध्ये नोकरी लागली. ब्रेकच्या सिम्युलेशनमध्ये नोकरी लागली की खऱ्या ब्रेकला हात लावायचा संबंध संपतो. दिवसभर स्क्रीनवर लाल-निळी चकती फिरताना बघायची, संध्याकाळी घरी येऊन भात लावायचा. चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी हे धूड घेतलं. नवऱ्याने कारण विचारलं. मी म्हटलं, तू दर दोन वर्षांनी फोन बदलतोस तेव्हा मी विचारते का? विचारत होते मी, पण ते त्याला वेळेवर आठवलं नाही.

ही गाडी मला ट्रॅकवर न्यायची होती. हौशी लोकांच्या स्पर्धा असतात, जुन्या गाड्यांच्या. त्यातल्या ज्या स्पर्धेत मी भाग घ्यायचं ठरवलं, तिच्यात सगळ्यात जोरात जाणारा जिंकत नाही. सगळ्यात सारखा जाणारा जिंकतो. पहिली फेरी तुम्हाला हवी तितक्या वेळात मारायची, आणि पुढच्या चार फेऱ्या बरोब्बर तितक्याच वेळात. जितका फरक पडेल तितके गुण कापले जातात. गाडीत घड्याळ चालत नाही, फोन चालत नाही, स्पीडोमीटरवर चिकटपट्टी लावतात. शर्यतीतून वेग काढून घ्यायचा आणि उरेल त्याची परीक्षा घ्यायची, हे फक्त जर्मन लोकांना सुचू शकतं. मला ते फार आवडलं. माझा स्वभाव कसा आहे हे माहीत असलेल्या सगळ्यांना मात्र हसू आलं.

दोन हिवाळे मी भाड्याच्या गॅरेजमध्ये घालवले. मूळ गाडीला सरळ जायचं, तेही जोरात, एवढंच शिकवलेलं होतं. वळणं आणि थांबणं हे विषय तिने ऑप्शनला टाकले होते. पुढे ड्रमब्रेक काढून डिस्कब्रेक बसवले. मागचे स्प्रिंगचे पाटे बदलून कडक घातले, वळणावर कलंडू नये म्हणून पुढे जाड दांडा बसवला. मागची सीट काढली, गालिचा काढला, त्याखालचा आवाज दाबणारा डांबरी थर चार शनिवार खरवडून काढला. चार कुठले, जास्तच. शेवटी आतून नुसता पत्रा राहिला. दोन सीटांच्या मध्ये गिअरबॉक्सवरून जाणारा जो उंचवटा असतो, त्याच्यावर पाना पडला की सगळ्या गॅरेजभर घुमायचं.

बरं, हे सगळं करताना गाडीचा ऐतिहासिकपणा बिघडता कामा नये. इथे जुन्या गाड्यांना वेगळी नंबरप्लेट मिळते, आणि तपासणी करणारा इंजिनियर प्रत्येक बदलाकडे बघून विचारतो की हे त्या काळी कुणी केलं असतं का. मी म्हटलं, त्या काळी मी असते तर केलं असतं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शिक्का मारला. मग ट्रॅकवाल्यांची आवाजाची मर्यादा निघाली, म्हणून मोठे सायलेन्सर लावून गाडीचा घसा दाबला. एवढं करून गाडी तयार झाली आणि माझा शेजारी पळाला.

शेजारी म्हणजे गाडीतला. या स्पर्धेत शेजारी घड्याळ बसवता येत नाही, पण माणूस बसवता येतो. माझ्या ऑफिसातला एक जर्मन सहकारी बसायचा. जर्मन लोक सेकंद मोजताना एकवीस, बावीस, तेवीस असे आकडे म्हणतात, कारण तो आकडा उच्चारायला साधारण सेकंद लागतो. तो तसं मोजायचा. पण मी समोरच्याला शिव्या घातल्या की तो मध्येच थांबून त्यांचा अर्थ विचारायचा. जूनमध्ये त्याला हायडेलबर्गला नोकरी मिळाली आणि तो गेला. जाताना त्याने मला मनापासून शुभेच्छा दिल्या. सुटल्यासारखा दिसत होता.

त्याच सुमारास माझे सासरे मिरजेहून आमच्याकडे आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. बाबा म्हणजे उभा जन्म तबल्यावर घालवलेला माणूस. मोठं नाव नाही, पण मिरज-सांगलीकडच्या कुठल्याही मैफलीत साथीला कोण असं विचारलं तर आधी त्यांचंच नाव निघायचं. एका बुवांबरोबर तर त्यांनी इतकी वर्षं साथ केली होती की लोक दोघांना एकत्रच बोलवायचे. मागच्या वर्षी अशाच एका मैफलीत गाता गाता बुवा त्यांच्याकडे वळले आणि माइक चालू असताना म्हणाले, "लय पळतीये तुमची."

भर मैफलीत गवई तबलजीला असं म्हणतो म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. नवरा त्या दिवशी भारतात होता, मैफलीला समोरच बसला होता. घरी आल्यावर तो बाबांना म्हणाला, "बाबा, आता थांबा." पुढच्याच महिन्यात डॉक्टरांनी कंपवात सांगितला. उजवा हात रिकामा असला की थरथरतो, काम दिलं की गप्प बसतो, अशी सुरुवातीची पायरी. सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. लय आजारानेच गेली, असं ठरलं. बाबांनी तबल्याचा जोड शिष्याला देऊन टाकला आणि त्यानंतर टेबलावर बोटसुद्धा वाजवलं नाही. आमच्याकडे आले तेव्हा बाल्कनीत हातावर हात ठेवून बसायचे. ते बघून मला भयंकर राग यायचा. कुणावर, ते ठरवता येत नव्हतं, म्हणून मी नवऱ्यावर काढायचे.

एका रात्री जेवताना मी सहकाऱ्याच्या नावाने खडे फोडत होते. आता मोजणार कोण, घड्याळ तर चालत नाही.

बाबा ताकाची वाटी खाली ठेवत म्हणाले, "आणि मात्रा चालतात का?"

मी म्हटलं, "चालतात. नियमात मात्रांबद्दल काही नाहीये. बसता शेजारी?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "बाबांना? त्या धुडात?"

"माझी लय पळते," बाबा म्हणाले. "साऱ्या मिरजेला माहीत आहे."

"मिरज येणार नाहीये ट्रॅकवर," मी म्हटलं.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. बसायला हरकत नाही म्हणाले, चालवायला मात्र नको. तो बेत कुणाचाच नव्हता.

आमची पद्धत अशी ठरली. गाडीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बाबांनी मनात तीनताल मोजायचा, आणि दर सोळा मात्रांनी सम आली की त्या मधल्या उघड्या पत्र्यावर डाव्या हाताने थाप मारायची. पत्रा असा काही घुमायचा की हेल्मेटमधूनही ऐकू यायचं, शिवाय माझ्या मांडीपर्यंत हादरा यायचा. ट्रॅकवर मी खुणा पक्क्या केल्या. पहिली सम निशाणवाल्याच्या टपरीशी, दुसरी टायरांच्या ढिगाशी, तिसरी एकट्या बर्च झाडाशी, असं करत नववी बरोबर रेषेवर. थाप आधी पडली तर मी मागे आहे, पाय दाबायचा. नंतर पडली तर पुढे आहे, पाय उचलायचा. मी ठरवलं, म्हातारा माणूस मोजेल आणि मी फक्त ऐकेन. ऐकणं ही माझी कमकुवत बाजू आहे, ते तेव्हा लक्षात घेतलं नाही.

सरावाच्या दिवशी पहिली फेरी झकास झाली. दुसरी जरा जलद. तिसरीला मी ब्रेक लावायच्या जागी ॲक्सिलरेटर दाबत होते, आणि चौथीला टायरांच्या ढिगाने आम्हाला जवळून पाहिलं. मी गाडी बाहेर घेतली, हेल्मेट काढलं आणि ओरडले, "बाबा! लय चढतीये तुमची!"

"चढणारच," ते शांतपणे म्हणाले. "चढवायची नाही तर मग शेवट कसा करायचा?"

मी कपाळाला हात लावला. पन्नास वर्षं हा माणूस विलंबितात बसून द्रुतात उठला होता. मैफल संपत आली की लय वाढवायची हे त्यांच्या रक्तात. आम्ही मेले ब्रेक, पाटे, सायलेन्सर सगळं बदललं आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला इतकं हसू आलं की राग विसरले. पण बाबा हसत नव्हते. पट्ट्यांमध्ये जखडलेले, मांडीवरच्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत बसले होते.

"आता ही सवय म्हणायची का रोग, हे मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "तेवढं एकदा कळायला हवं बघ. बाकी तुझा कप तुला लखलाभ."

त्यानंतर ते रोज जेवणाच्या टेबलाशी बसून बोटांनी वाजवायला लागले. एकच लय, न चढवता, चहा गार होईस्तोवर. रविवारी दुपारी खालच्या आजी वर आल्या. रविवार हा शांततेचा दिवस आहे, त्यांनी आठवण करून दिली. मी तोंड उघडलंच होतं, पण बाबांनी उठून त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "गेनाऊ." हा एकच जर्मन शब्द ते शिकले होते. नेमकं, बरोबर, अगदी तेच, असं सगळं त्यात बसतं म्हणून त्यांना तो फार पटला होता. आजी गोंधळून परत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून बाबा टेबलाऐवजी उशीवर वाजवायला लागले.

मी म्हटलं, फोनवर वेळ लावून तपासू का, पळतीये की नाही? तर नको म्हणाले. "घरात कुणाचीही टिकते. शेजारी गाणारा बसल्यावर टिकते का, ते बघायचं असतं."

स्पर्धा सप्टेंबरात होती, बाबांच्या परतीच्या आदल्या शनिवारी. नवरा थर्मास आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन आला होता, चेहरा असा की जणू दोघांना पोचवायलाच आलाय. त्याने बाबांचे पट्टे तीनदा ओढून पाहिले. नोंदणीवाल्या बाईंनी बाबांना, तुम्ही सहचालक का, असं विचारलं. बाबा म्हणाले, "गेनाऊ." बाईंनी त्यांच्या हातात कागदी पट्टा बांधला, आणि हात थरथरत होता म्हणून बांधून होईपर्यंत तो स्वतःच्या हातात धरून ठेवला. बाबांनी तो पट्टा दिवसभर स्वेटरच्या बाहीवर दिसेल असा ठेवला.

पहिली फेरी मी ठरवून आरामात मारली. टपरी, थाप. ढीग, थाप. बर्च, थाप. नववी थाप बरोब्बर रेषेवर. दुसरी फेरी तशीच. तिसरीत एक चिमुकली निळी गाडी आडवी आली, पण थापेवर लक्ष ठेवून मी गेलेला वेळ पुढच्या दोन वळणांत भरून काढली. चौथीत तर मी विचार करायचंच सोडून दिलं होतं. पत्रा घुमायचा आणि पाय आपोआप हलायचा. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्या घरात मी कुणाचं इतकं निमूटपणे कधी ऐकलं नव्हतं.

पाचव्या फेरीच्या सुरुवातीला सरळ रस्त्यावर एका चंदेरी गाडीने मला मागे टाकलं. टाकलं तर टाकलं. या स्पर्धेत कोण पुढे गेलं याला काडीची किंमत नाही, ज्याची त्याची फेरी ज्याची त्याची. पण जाता जाता त्या माणसाने काचेतून मला हात केला. मऊसा हात, म्हाताऱ्या बाईने रस्ता दिल्यावर करतात तसा. मला! आठ सिलिंडर घेऊन बसलेल्या बाईला!

मग काय, सुटले. गाडीचा दाबलेला घसासुद्धा मोकळा झाला. बाबांची थाप पडली तेव्हा टपरी मागे गेलेली होती. पुढची थाप पडली तेव्हा ढीग केव्हाच मागे. मला ऐकू येत होतं, हादराही येत होता, आणि मी मराठीत जे काही बोलत होते ते सासऱ्यांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. बाबांनी थाप जरा जोरात मारली, पण आधी नाही मारली. बर्चला मारली नाही, बर्चनंतर मारली, जिथे त्यांची सम होती तिथेच. शेवटच्या वळणात मी त्या चंदेरी गाडीला आतून गाठलं, मागे टाकलं आणि रेषा ओलांडली.

रेषा मागे गेली, मी पाय उचलला, आणि मग पत्र्यावर थाप पडली.

बाबांनी हेल्मेटची काच वर केली. "चार मात्रा लवकर आलीस," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाचं मरू दे. आजचा दिवस त्यांचा होता, आणि एका हलवलेल्या हातापायी मी तो मातीत घातला होता. आता वेळा लागणार, पाचवी फेरी वेडीवाकडी दिसणार, आणि लोक म्हणणार, लय पळाली. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं. ते मनात काहीतरी मोजत होते.

अर्ध्या तासाने वेळांचा कागद काचेवर लागला. आम्ही तळापासून वर मोजलं तर दुसरे. कप चंदेरी गाडीवाल्याला मिळाला, आणि त्याने लांबून मला पुन्हा हात केला. पण बाबा क्रमांक बघतच नव्हते. चष्मा वर करून ते आमच्या ओळीत फेऱ्यांच्या वेळा वाचत होते. पहिल्या चार फेऱ्यांमध्ये फरक होता तो दशांशचिन्हानंतर. पाचवी तीन सेकंद कमी.

"आपली एक मात्रा केवढ्याची रे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने फोनवर पहिल्या फेरीची वेळ मात्रांनी भागली. "पाऊण सेकंद, बाबा."

"मग चार मात्रांचे किती?"

एवढ्यासाठी नवऱ्याला फोनची गरज पडली नाही. "तीन."

बाबांनी कागदावर आमच्या ओळीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्या घरात आल्यापासून पाहिला नव्हता. "मी नाही पळालो," ते म्हणाले. "तू पळालीस!"

"हो बाबा," मी म्हटलं. "मी पळाले."

"तू एवढी बेफाम सुटलीस तरी मी जागचा हललो नाही."

"नाही हललात."

ते खुर्चीत बसले, नवऱ्याने दिलेला चहा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी बुवाच पळाले होते. मला वाटतच होतं."

नवरा म्हणाला, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू समोर बसला होतास ना," बाबा म्हणाले. "घरी येऊन म्हणालास, आता थांबा. मला वाटलं, तुलाही लय पळताना ऐकू आली असेल."

नवऱ्याने लाडवाचा डबा बंद केला, परत उघडला. मग तो गाड्यांच्या रांगेपलीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून फोन लावला. मी नेहमीसारखी त्याच्यावर चिडायला निघाले होते, पण त्याची पाठ बघून माझ्याच्याने ते झालं नाही.

"कुणाला फोन करतोय?" बाबांनी विचारलं.

मी जाऊन ऐकून आले. "मिरजेला. तुमच्या शिष्याला. जोड परत मागतोय."

बाबांनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवल्यावर उजवा हात पुन्हा थरथरायला लागला. त्यांनी तो लपवला नाही.

"त्याला म्हणावं डग्गा नीट बघून घे," ते म्हणाले. "वर्षभर ठेवून पुडी सैल पडली असेल."